गुळव्याचं लक्ष

माझ्या दवाखान्यात आलेल्या माणसाला मी आधी आकडे उलटे म्हणायला लावते. मी 'सात, दोन, नऊ' म्हटलं की त्याने 'नऊ, दोन, सात' म्हणायचं. मग चार आकडे, मग पाच. सहा आकड्यांना भलेभले घाम पुसतात. या एका खेळामुळे कराड-मलकापूर भागात माझी ओळख 'उलट्या आकड्यांच्या बाई' अशी झाली आहे आणि बत्तीस वर्षं काम केल्यावर मला त्या नावाबद्दल काही तक्रार नाही. पाटीवर नुसतं 'व्यवसायोपचार तज्ज्ञ' लिहिलं होतं तेव्हा लोक कोंबडीपालनाच्या प्रशिक्षणाची चौकशी करायला यायचे. त्यापेक्षा हे बरं.

काम काय, ते सरळ सांगते. आजाराने किंवा अपघाताने माणसाच्या हातून रोजची कामं सुटतात, ती पुन्हा त्याच्या हाती द्यायची. कुणाला शर्टाची बटणं लावता येत नाहीत, कुणाला भाकरी थापता येत नाही. गेली पंधराएक वर्षं माझ्याकडे जास्त येतात ते डोकं आपटलेले लोक. आपल्याकडे दुचाकी घराघरात आहे आणि हेल्मेट कपाटावर आहे, त्यामुळे माझ्या दवाखान्यात खुर्ची रिकामी राहत नाही.

यात जे जबर जखमी होतात त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मला काळजी वाटते ती दुसऱ्यांची. डोकं फुटलेलं नाही, टाका पडलेला नाही, स्कॅन स्वच्छ. मेंदूला आतल्या आत हिसका बसलेला असतो, तो फोटोत येत नाही. बहुतेकजण काही आठवड्यांत ठीक होतात. काहींचं मात्र महिनोन्महिने रेंगाळतं. डोकं दुखतं, उजेड आणि आवाज सोसत नाही, लवकर थकवा येतो आणि कशात लक्ष लागत नाही. बाहेरून माणूस ठणठणीत दिसतो, म्हणून घरचे म्हणतात नाटक करतोय, आणि त्याला स्वतःला वाटतं आपण वेडे होत चाललो.

लक्ष ही एकच एक गोष्ट आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. तव्यावर भाकरी आहे, शेजारी दूध तापतंय, दारात कुणी हाक मारतंय आणि आत मोबाइल वाजतोय. भाकरीकडे शेवटपर्यंत बघत राहणं हे एक लक्ष. मोबाइल वाजतोय तरी तो कानाआड करणं हे दुसरं. भाकरी आणि दूध दोन्हीकडे एकदम बघणं हे तिसरं. दारातल्या माणसाला 'आले, आले' म्हणून परत नेमकं तव्याकडे येणं हे चौथं. डोक्याला मार बसलेल्या माणसाचं यातलं एखादंच लुळं पडतं आणि बाकीची शाबूत असतात. कुठलं पडलंय ते शोधून काढणं हे माझं कौशल्य. मी त्यात चांगली आहे. हे मी विनय वगैरे बाजूला ठेवून सांगते, कारण पुढे मी माझी चूक सांगणार आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी, जैन गृहस्थ, अतिशय नेमके. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांना दोन फोनवर एकदम बोलता येईना. मला म्हणाले, "मॅडम, चष्म्याला जसा नंबर असतो तसा लक्षाला नंबर काढून द्या, मी बनवून घेतो." मी म्हटलं, एक फोन मुलाच्या हातात द्या. ते म्हणाले, "म्हणजे वर्षभर त्याचीच चर्चा घरात." शेवटी दिला. पाटणकडचा एक जवान रजेवर आला असताना पायरीवरून पडला होता. कुठलाही प्रश्न विचारला की उत्तर एकच, "एकदम फिट, मॅडम." डोकं दुखतं का? एकदम फिट. झोप लागते का? एकदम फिट. बोलता बोलता मी त्याला त्याच्या मोठ्या मुलीचा वर्ग विचारला. त्याला तो आठवेना, त्याने बायकोकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती चाचणी माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती.

पण मी सांगणार आहे ती गोष्ट हणमंतची.

हणमंत गुळव्या. कराडपासून पाटणच्या दिशेला नदीकाठी एक गाव आहे, तिथल्या आप्पांच्या गुऱ्हाळावर वीस वर्षं गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळायचा. खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. वर येणारी मळी काढत राहायची. रस आटत आटत घट्ट होतो आणि एक क्षण असा येतो की आता काहील उतरवलीच पाहिजे. आधी उतरवली तर गूळ ओलसर आणि चिकट, नंतर उतरवली तर काळपट आणि कडक. तो क्षण ओळखणारा माणूस म्हणजे गुळव्या. तो बुडबुड्यांचा आकार बघतो, रटरटण्याचा आवाज ऐकतो, वास घेतो, चिमूटभर पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघतो. मग ओरडतो, "उतरा!" तसे पाच-सहा जण साखळीने काहील उचलून शेजारच्या वाफ्यात, म्हणजे गूळ निवायच्या उथळ हौदात, कलती करतात. एका काहिलीला एक आधण म्हणायचं. दिवसाला अशी पाच-सहा आधणं. गुळव्याचा शब्द तिथे शेवटचा. गुऱ्हाळाचा मालकसुद्धा त्याच्या पुढे बोलत नाही.

गणपती बसायच्या आधी हणमंत गाडीवरून येत होता. गावाजवळ नवा गतिरोधक घातला होता, त्यावर पांढरे पट्टे मारायचे राहिले होते. गाडी उडाली, हा कडेला पडला, कानाच्या वरची बाजू मुरमावर आपटली. उठला, धूळ झटकली, गाडी सरळ केली आणि घरी येऊन जेवला. बायकोला म्हणाला, "काय लागलं न्हाई, नुसता हबकलोय." दुसऱ्या दिवशी उलट्या झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. स्कॅन स्वच्छ. डॉक्टरांनी दोन दिवस शांत पडून राहा, मग हळूहळू कामाला लागा, असं सांगितलं.

शांत पडायचं कसं? आपल्याकडे माणूस पडला की अख्खं गाव बघायला येतं. न येणं म्हणजे वैर धरल्यासारखं. येणारा नारळपाण्याची पिशवी घेऊन येतो, खाटेच्या कडेला बसतो आणि पडलेल्याला पुन्हा पहिल्यापासून कसा पडलास ते विचारतो. ते झालं की त्याच्या ओळखीतलं कोण कोण असंच पडलं आणि पुढे त्यांचं काय वाईट झालं हे सांगतो. मग चहा. तो जातोय तोवर दुसरा उंबऱ्यात. हणमंतच्या बायकोने, शालनने, मला नंतर सांगितलं, "मॅडम, पयल्या आठ दिसांत दोन किलू साखर संपली आनि ह्येंचं डोस्कं एक घटका सुदीक गप बसलं न्हाई." मी त्या चहाच्या कपांचा राग करत नाही, त्यात माया असते. पण हिसका बसलेल्या मेंदूला त्या मायेचा फार त्रास होतो.

दसऱ्यानंतर हणमंत माझ्याकडे आला. कारण असं की दिवाळी झाली की चुलवाण पेटणार होतं, आणि आप्पा हुशार माणूस. गावात कुजबुज होती की हणमंत जरा विचित्र वागतो. आप्पांनी त्याला सांगितलं, तपासून घे आणि कागद आण.

पंचेचाळिशीचा, रुंद खांद्याचा, डोक्यावर टोपी. हात काहिलीच्या वाफेने कायमचे तांबूस झालेले. मी दार लावलं, पंखा बंद केला, फोन बाजूला ठेवला, कारण चाचणीच्या वेळी खोली शांत हवी असा आमचा नियम. आणि हणमंतने मला थक्क केलं. उलटे आकडे सहापर्यंत बिनचूक. अक्षरांनी भरलेल्या पानातून मी सांगितलेलं एकच अक्षर त्याने झपाझप खोडलं. मी आकडे वाचत गेले आणि ठरलेला आकडा आला की त्याने टेबलावर थाप मारायची, हे दहा मिनिटं चाललं, एक थाप चुकली नाही. इतक्या वर्षांत इतकं टिकाऊ लक्ष मी क्वचित पाहिलं होतं.

शालन कोपऱ्यात बसली होती. मधेच म्हणाली, "मॅडम, येक सांगू का? घरात दोन मानसं बोलाय लागली की ह्ये उठून गोठ्यात जात्यात. परवा दूध काडताना कुनी हाक मारली, तर चरवी तशीच म्हशीखाली ठिवून गेलं, आनि..."

"ताई, एक मिनिट हं," मी म्हणाले. बाहेर चार पेशंट बसले होते. ते एक मिनिट मी तिला परत दिलंच नाही. हसून हणमंतला म्हटलं, "तुमचं लक्ष माझ्यापेक्षा चांगलं आहे." आणि कागदावर लिहून दिलं की कामावर जायला हरकत नाही.

शालन उठताना माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला आजही आठवते. मग ती पदर सावरून नवऱ्याच्या मागे गेली.

दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

"मॅडम, तुमच्या कागदावर मी मानूस हुभा केला. आज एकाचा पाय भाजलाय."

झालं ते असं. आप्पांचे पुण्याचे पाहुणे गुऱ्हाळ बघायला आले होते. एका बाजूला रस काढणाऱ्या चरकाची मोटार, दुसरीकडे गाणी लावलेला स्पीकर, पाहुण्यांची मुलं काठावर पळतायत आणि एकजण मोबाइलवर चित्रण करत हणमंतला विचारतोय, दादा, हे कसं करतात ते जरा सांगा ना. पाहुण्याला उत्तर न देणं गुळव्याला जमत नाही. आल्यागेल्याशी गोड बोलायचं, रस द्यायचा, गरम गूळ हातावर ठेवायचा, ही गुऱ्हाळाची रीत. हणमंत सांगत बसला. सांगता सांगता आधण पुढे गेलं. वास बदलला तसा दचकला आणि ओरडला, "उतरा!" त्या आधी गुळव्या नेहमी एकदा सगळीकडे नजर फिरवतो, कुणाचा पाय वाफ्याशी आहे का बघतो. ती नजर त्या दिवशी फिरली नाही. संभा नावाचा गडी वाफ्यातलं फडकं सारखं करत होता. पाक त्याच्या पोटरीवर उडाला.

संभाला दवाखान्यात नेलं. हणमंतने टोपी काढून आप्पांच्या पायाशी ठेवली आणि घरी जाऊन दार लावून घेतलं.

त्या दुपारी मी उरलेले पेशंट परत पाठवले आणि माझाच कागद पुन्हा वाचला. कागदात चूक नव्हती. चाचण्या खऱ्या होत्या. चूक ही होती की मी दार लावून, पंखा बंद करून, एका वेळी एकच गोष्ट त्याच्यापुढे ठेवली होती. लक्ष टिकवणं त्याचं मुळातच पक्कं होतं, वीस वर्षं काहिलीकडे बघून पक्कं झालेलं. मोडलं होतं ते दुसरंच. दोन गोष्टी एकदम पेलणं आणि नको तो आवाज बाहेर ठेवणं. ते मोडलंय हे या जगात एका माणसाला माहीत होतं, ती माझ्या खोलीत बसली होती आणि मी तिला एक मिनिट थांब म्हटलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. नुसतं वाईट वाटलं असं म्हणून भागणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. हणमंत गोठ्यात बसला होता. मी म्हणाले, "चूक माझी आहे."

"तुमची कशी?" तो म्हणाला. "उतरा म्या म्हनलं. मॅडम, खरं सांगा, मी खुळा झालोय का?"

"नाही."

"मग धा जनं एकदम बोलली की मला एकाचंबी ऐकू येत न्हाई, ह्ये काय हाय? आवाज सगळा आत शिरतोय आनि डोस्क्यात गुंता हुतोय. दुपारनं तर डोळं उघडं ठेवाय नगं वाटतंय."

मी त्याला समजावलं. मार बसायच्या आधी त्याच्या डोक्यात एक राखणदार होता, नको ते आवाज दारातूनच परत पाठवायचा. तो राखणदार सध्या आजारी आहे. बहुतेक बरा होईल, कधी ते मी सांगू शकत नाही. तोवर त्याचं काम बाहेरून करावं लागेल. हणमंतने ऐकून घेतलं आणि मान हलवली. "आता न्हाई जायाचं मी तितं. संभाच्या पायाकडं बघायचं कसं?"

मी शालनकडे वळले आणि त्या दिवशी अर्धवट सोडलेलं वाक्य पुरं करायला सांगितलं. ती तासभर बोलली. मी वहीची सहा पानं भरली. टीव्ही चालू असला तर भाजीत मीठ जास्त झालेलं ह्यांना कळत नाही. बाजारात हात सोडत नाहीत. सकाळी अकरापर्यंत माणूस जुना असतो, जेवणानंतर परका होतो. माझ्या सगळ्या चाचण्यांपेक्षा ती सहा पानं मोलाची होती.

मग मी ते केलं जे आधी करायला हवं होतं. गुऱ्हाळावर जाऊन बसले, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आप्पांनी हंगामापुरता दुसरा गुळव्या आणला होता. तो काय काय बघतो आणि त्याच्याशी कोण कोण बोलतं याच्या मी वहीत खुणा करत गेले. एका आधणात शेवटच्या पाव तासात त्याला अकरा जणांनी हाक मारली. कुणी रामराम घातला, कुणी उसाच्या गाडीबद्दल विचारलं, एकाने मुलीचं लग्न ठरल्याचं सांगितलं. अकराही जणांना त्याने मान वर करून उत्तर दिलं. धडधाकट मेंदूला हे झेपतं आणि ते झेपतंय हे त्याला कळतही नाही.

मी आप्पांना म्हटलं, शेवटचा पाव तास गुळव्याशी कुणी बोलायचं नाही. आप्पा म्हणाले, "बाई, सांगायला सोपं हाय. आलेल्या मानसाशी बोलला न्हाई तर गावात म्हनतील माज आलाय. आनि तो हणमंता काय गप बसनाऱ्यातला हाय व्हय?"

तोड शालनने काढली. तिची सासू सोमवारी मौन धरायची, संध्याकाळी दिवा लावेपर्यंत. हातात माळ दिसली की गल्लीतलं कुणी तिला हाक मारायचं नाही आणि तिने उत्तर दिलं नाही म्हणून कुणाला रागही यायचा नाही. "ह्येंनीबी आदनापुरतं मौन धरायचं," शालन म्हणाली. "देवासाटी धरलेलं चालतंय, मग गुळासाटी का न्हाई? हातात माळ दिऊन भागायचं न्हाई, हात कामात असत्यात. डोस्क्याला लाल टॉवेल बांधायचा. टॉवेल बांधला म्हंजे मौन."

मी इतकी शिकलेली बाई, मला हे सुचलं नव्हतं.

अजून एक गाठ सुटायची होती. हणमंत यायलाच तयार नव्हता. एका सकाळी संभा काठी टेकत त्याच्या दारात आला. पोटरीला पट्टी. मी तिथेच होते. हणमंत उठून उभा राहिला, खाली बघत.

संभा खाटेवर बसला आणि म्हणाला, "दादा, माजा पाय भाजलाय आनि तुजं डोस्कं हाललंय. दोगं मिळून एक मानूस हुतोय का बगू. मला तर काय आता काहील उचलाय यायची न्हाई महिनाभर. मी दारात खुर्ची टाकून बसतो. पाव्हन्यांना रस मी देनार, गप्पा मी मारनार. तू आपला काहिलीकडं बग. आनि उतरा म्हनायच्या आदी पाय कुटं हायत ते मी वरडनार. पाय माजा भाजलाय, माज्यापेक्षा नीट कोन बगील गड्या?"

हणमंत त्याच्याशेजारी खाटेवर बसला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. शालन आत चहा टाकायला गेली आणि लवकर बाहेर आली नाही. मी भिंतीकडे बघत बसले.

पुढचं काम माझं होतं आणि ते मी नीट केलं. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं, पहिला आठवडा दिवसाला एकच आधण, तेही सकाळचं. काहिलीजवळ दुसरा गुळव्या उभा, पण गप्प. स्पीकर बंद. आप्पांनी यावर तीन दिवस तोंड फुगवलं, मग बंद केला. आधण झालं की हणमंतने अर्धा तास उसाच्या फडाच्या सावलीत डोळे मिटून बसायचं. डोकं जड झालं तर तसं सांगायचं, मर्द म्हणून सोसायचं नाही. हा भाग त्याला सगळ्यात अवघड गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला न सांगता दोन आधणं ओढली, संध्याकाळी उलटी झाली आणि शालनने मला फोन केला. आम्ही पुन्हा एकावर आलो. मी रागावले, ती माझ्यापेक्षा जास्त रागावली.

गावाने आधी चेष्टा केली. "काय हणमंता, टॉवेल बांदून लगीन लावतोस काय गुळाशी?" तो वळायचाच. सवय वीस वर्षांची. वळला की संभा दारातून ओरडायचा, "दादा, टॉवेल!" पहिले दहा दिवस संभाचा घसा बसला. पण आपल्या लोकांना एकदा खूण कळली की ते ती पाळतात. ट्रॅक्टरवाले गावात शिरतानाच विचारायला लागले, टॉवेल बांधलाय का? बांधला असेल तर आवाज न करता ऊस टाकून जायचे. बायका मुलांना दटावू लागल्या, गप रं, दादाचं मौन हाय. दुसऱ्या एका गुऱ्हाळावरचा गुळव्यासुद्धा डोक्याला काही झालं नसताना लाल टॉवेल बांधायला लागला. त्याला म्हणे फार बरं वाटतं.

संक्रांतीला हणमंत तीन आधणं काढत होता. त्यातल्या गुळाची ढेप शालनने माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, दुपारचं कसं आहे? अजून परके होतात का? ती म्हणाली, "कवा कवा. पर आता सांगत्यात, मी दमलोय म्हनून. आदी कुटं सांगायचं?" आता माझ्याकडे नवा पेशंट आला की पहिला प्रश्न मी त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला विचारते. बाहेर कितीही रांग असो. उलटे आकडे नंतर.

होळीच्या सुमारास मी न कळवता गुऱ्हाळावर गेले. तपासणी अशी नव्हतीच, उगाच हौस म्हणा. दारात संभा खुर्चीवर होता. पाय बरा झाला होता, पण त्याने खुर्ची सोडली नव्हती. त्याला गप्पांचं काम आवडलं होतं. मला बघून तो उठायला लागला, मी हाताने खाली बसवलं आणि आत गेले.

हणमंत काहिलीशी उभा होता. डोक्याला लाल टॉवेल. वाफेत त्याचा चेहरा अर्धा दिसत होता. मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले, हाताच्या अंतरावर. आणि मला मोह झाला. बत्तीस वर्षं माणसांची परीक्षा घेतलीय, सवय जात नाही.

"हणमंतराव, कसं काय?" मी म्हणाले.

तो वळला नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं, "हणमंतराव, मी आलेय." मोटार घरघरत होती, कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, उसाची गाडी उतरत होती. मला क्षणभर रागच आला. या माणसासाठी मी काय काय केलं आणि साधी मान वळवत नाही. मग माझं मलाच हसू आलं आणि पाठोपाठ डोळे भरून आले. मी मागे सरकले आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

त्याने चिमूटभर पाक पाण्यात टाकला, गोळी वळली, बोटांत दाबली. पुन्हा एकदा बुडबुड्यांकडे बघितलं. उजवा हात वर केला.

"पाय!" संभा दारातून ओरडला. गड्यांनी एकेक करून "व्हय, व्हय" म्हटलं. हणमंतने सगळीकडे नजर फिरवली, माझ्या पायांवरूनही ती गेली, आणि तो म्हणाला, "उतरा!"

काहील कलली. सोनेरी पाक वाफ्यात पसरला. कुणालाही थेंब लागला नाही. मग हणमंतने डोक्याचा टॉवेल सोडला, तोंड पुसलं आणि समोर बघितलं. त्याचा चेहरा एकदम फुलला.

"आवं मॅडम! कवा आलासा?"

मी अर्धा तास तिथे उभी होते.

"आत्ताच," मी म्हणाले.